गिरडच्या पायथ्याशी नवसाचा स्वयंपाक : तीन गंज आणि एक वाढपी

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. त्या टेकडीच्या पायथ्याशी नवसाच्या स्वयंपाकाची सगळी व्यवस्था, म्हणजे शेड, गंज (स्वयंपाकाची मोठी पातेली), पराती, सतरंज्या, लाकूड, पाणी आणि आचारी, ठोक रकमेत करून देणाऱ्या एका कुटुंबाकडे आम्ही पुतण्याच्या मुलाचे जावळ काढायला साठ माणसे घेऊन गेलो होतो. बकरा आमचा होता. बाकी सगळ्याचे ७,००० रुपये ठरले आणि शेवटी तेवढेच घेतले गेले.

स्वयंपाकाला नाव ठेवायला जागा नाही. खोबरे आणि खसखस चुलीवर भाजून घेतलेली, मिरची भिवापुरी, आणि रश्शावर आलेली तर्री वरून तेल न ओतता मंद आचेवर सुटलेली. पाणी मात्र दुपारी दोन वाजता संपले आणि टँकर येईपर्यंत हात धुवायला लोक ताटकळले. शेडचे पत्रे तापतात, म्हणून उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सकाळची पंगत धरावी.

पण या परीक्षणाचे खरे कारण वेगळे आहे. ठरवायला गेलो तेव्हा मालकांनी, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, माणसे किती हे विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न केला : "त्यातले बिनफातिहाचे किती?" मी गोंधळलो. त्यांनी वही उघडून दाखवली. प्रत्येक स्वयंपाकापुढे तीन रकाने होते : निवदाचे; बिनफातिहाचे, म्हणजे ज्यावर फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय) पढलेला नाही असे मटण; आणि साधे, म्हणजे शाकाहारी.

आमच्या आजोबांच्या आठवणीत बकरा गावाच्या शिवेवर मरीमायला पडत असे आणि रक्त देवीचे असे. पुढे तोच नवस बाबांच्या टेकडीवर बोलला जाऊ लागला. नारळ तोच, बकरा तोच, जावळही तेच. बदलली ती सुरी धरणारी व्यक्ती. मुलाणी, म्हणजे गावात बकरा हलाल करणारा मुसलमान, हा गावगाड्यातलाच माणूस असल्याने त्याच्या हातचे हलाल हिंदू घरांनाही परके वाटले नाही. इस्लामच्या दृष्टीने मात्र हा बदल लहान नाही : जनावर फक्त अल्लाच्या नावाने कापले जाते, रक्त कोणाला अर्पण होत नाही, मांस शिजवून त्यावर फातिहा पढला जातो, त्याचे पुण्य बाबांच्या नावे जाते आणि अन्न माणसे खातात. आमच्या घरच्या बायका त्यालाच निवद म्हणतात. एकाच गंजातल्या मटणाला दोन अर्थ आहेत आणि कितीतरी पिढ्या कोणीही दुसऱ्याला त्याचा अर्थ विचारलेला नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाला, १७०२ मध्ये त्याने नागपूर वसवले, पण त्याची गोंड प्रजा आपल्या पेनांनाच, म्हणजे गोंडी देवांनाच, पुजत राहिली. आमच्या भागात इस्लाम बराचसा असा, जुन्या नवसाला नवा पत्ता देत, पसरला असे माझे मत आहे.

टेकडीवरचे गोल खडेही त्याचीच साक्ष देतात. भूशास्त्राच्या लेखी ते झिओलाइट. कथेप्रमाणे ते बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे दगड झालेले नारळ आणि बाकीचा माल. व्यापाऱ्यांनी क्षमा मागितल्यावर बाबांनी वाळल्या पानांतून नवा माल करून दिला म्हणतात. शेख फरीदांची मजार पाकिस्तानातल्या पंजाबात पाकपट्टणला आहे, हे आमच्या मंडळींपैकी थोड्यांनाच ठाऊक, आणि ठाऊक असलेल्यांचेही त्यावाचून काही अडत नाही.

चाचांचा मुलगा मदरशात शिकून आला आहे. कबरीपाशी मागणे हा शिर्क, म्हणजे अल्लाच्या जोडीला दुसऱ्याला मानण्याचे पाप, आहे, असे तो शांतपणे सांगतो आणि वर दर्ग्यात जात नाही. गंज मात्र तोच मोजून देतो, तोच मोजून घेतो. बापलेकांत वाद झाल्याचे दिसले नाही. कामे वाटली गेली आहेत.

बिनफातिहाचा रकाना आम्हाला लागला तो आत्यांमुळे. आत्यांच्या सासरचे लोक यवतमाळकडचे ख्रिस्ती. यवतमाळात १९५३ पासून तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, त्यामुळे त्या घराची बायबलची तालीम पक्की आहे. आत्या भजने म्हणतात ती नारायण वामन टिळकांची, टाळ घेऊन, अभंगाच्या चालीवर. चाल राहिली, निवद सुटला. तरीही ताट वेगळे मागण्यात त्या पहिल्या नाहीत. आमचे मामा महानुभाव उपदेशी, म्हणजे त्या पंथाचा उपदेश घेतलेले, ते कोणत्याच देवतेचा प्रसाद घेत नाहीत, आणि त्यांच्यासाठी वांग्याची भाजी आणि रोडगे वेगळ्या चुलीवर होतातच. ख्रिस्ती लोकांनी पंगत मोडली असे म्हणणाऱ्यांनी आधी महानुभावांच्या तीर्थाची, रिद्धपूरची, वाट आठवावी.

चाचांनी फातिहाच्या आधीच एक लहान गंज बाजूला काढून ठेवला होता. घोटाळा वाढप्याने केला. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, तो सरसकट मोठ्या गंजातले वाढत आला आणि आत्यांच्या ताटात रस्सा पडल्यावर मोठ्याने म्हणाला, "निवदाचं आहे, टाकू नका हं." आत्यांनी हात आखडला. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौलाने नेमका हाच प्रसंग लिहिला आहे : बाजारात विकले जाते ते न विचारता खा, पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले तर, सांगणाऱ्यासाठी, खाऊ नका. मुलगा बोलला नसता तर त्या जेवल्या असत्या, हे त्यांनीच नंतर हसून सांगितले. त्या क्षणी मात्र पंगतीत शांतता पसरली, आमच्या काकूंना तो बाबांचा अपमान वाटला, आणि मुलाला आपण काय चुकलो ते कळेना. चाचा स्वतः आले, ताट उचलले, लहान गंजातले गरम वाढले आणि म्हणाले, "ताई, चूक आमची. सांगितलेलं लिहून ठेवलं होतं."

वही उत्तम, वाढपी कच्चा, असा माझा निकाल. ज्यांच्या घरात एकाहून अधिक धर्म किंवा पंथ जेवायला बसतात त्यांनी ही जागा जरूर निवडावी, आधी एक फेरी मारून आपले रकाने स्वतः वाचून घ्यावेत, आणि लहान गंजाला वेगळा डाव मागून घ्यावा, कारण आमच्या वेळी दोन्ही गंजांत एकच डाव फिरत होता; आत्यांच्या ते लक्षात आले नाही आणि मीही सांगितले नाही.