माशांपासूनची कोलॅजन पेप्टाइड पावडर : दोन महिन्यांचा अनुभव

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी बडोद्यातील दांडिया बाजारातून ही पावडर आणली आणि दोन महिने त्यांना रोज १० ग्रॅम दिली. माशांच्या कातडीतील व खवल्यांतील कोलॅजन हे तीन साखळ्यांचा पीळ असलेले, सुमारे ३ लाख डाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाचे प्रथिन असते. पावडर बनवताना ते तापवून उलगडतात, प्रथिने तोडणाऱ्या विकरांनी म्हणजे एन्झाइमांनी (पपईतील पपेन त्याच जातीचे) त्याचे काही हजार डाल्टनचे तुकडे, म्हणजेच पेप्टाइड, करतात आणि शेवटी उष्णतेने विकराचे काम थांबवतात. त्यामुळेच ही पावडर थंड ताकातही सहज विरघळते, जिलेटिनसारखी गोठत नाही, हे मला फार आवडले. कोमट पाण्यात मात्र वास जाणवतो, शिवाय किंचित कडवटपणाही आहे.

डब्यावर ‘संपूर्ण प्रथिन’ असे छापले आहे, ते साफ चुकीचे आहे. संपूर्ण प्रथिनात शरीराला अन्नातूनच मिळवावी लागणारी सर्व अमिनो आम्ले असतात; कोलॅजनमध्ये त्यांपैकी ट्रिप्टोफॅन नसते, त्यामुळे वृद्ध माणसाच्या आहारात डाळ-दुधाची जागा ही पावडर घेऊ शकत नाही. सासूबाईंना जिना चढणे थोडे सोपे वाटते; परंतु त्याच काळात व्यायामही सुरू झाल्याने सारे श्रेय पावडरीला देणे मला योग्य वाटत नाही. माशांच्या ॲलर्जीची सूचना तळाशी बारीक अक्षरांत आहे, ती ठळक हवी होती.