न्यूमोनियानंतरचे ‘हृदय तपासणी पॅकेज’: तपासण्या चोख, तारीख मात्र उशिराची

गेल्या जुलैत माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांना न्यूमोनिया झाला आणि मुंबईतील एका खासगी रुग्णालयात त्यांना आठ दिवस ठेवावे लागले. घरी सोडताना बिलिंगच्या खिडकीवर ‘न्यूमोनियानंतरचे हृदय तपासणी पॅकेज’ पुढे करण्यात आले. त्यात ईसीजी, टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), रक्ततपासण्या, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा मोजणारी चाचणी आणि हृदयरोगतज्ज्ञांची एक भेट असे सारे ४,८०० रुपयांत होते. आजार फुफ्फुसाचा असताना हृदयाचे पैसे कशाला, ही बिल फुगवण्याची युक्ती दिसते, असेच मला वाटले. पैसे मी भरले ते केवळ वडिलांसमोर घासाघीस नको म्हणून.

माझा तो संशय चुकीचा होता. मात्र पॅकेजमध्ये दोष नाही असेही नाही. मोठा दोष तारखेचा. आम्हाला तपासणीसाठी सहा आठवड्यांनंतरचा दिवस देण्यात आला. चौथ्या दिवशी सिस्टरचा फोन आला, पण तिने ताप आणि खोकला यांपलीकडे काही विचारले नाही. अकराव्या दिवशी गिरगावातल्या आमच्या चाळीचा दुसरा जिना चढताना आप्पा कठड्याला धरून उभे राहिले. घरी येऊन रक्तदाब मोजला, तर यंत्रावर नाडी १२८ दिसली आणि ठोके अनियमित असल्याचे चिन्ह लुकलुकत होते. रुग्णालयाच्या मदतक्रमांकावर पाऊण तास सनईचे सूर ऐकल्यावर कोणीतरी ‘लगेच घेऊन या’ म्हणाले. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघाले, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे लय सोडून थरथरत होते. न्यूमोनियाच्या रुग्णांत ही गुंतागुंत डॉक्टरांना चांगली परिचित आहे, मग फोनवर नाडीविषयी एक प्रश्न विचारायला काय हरकत होती?

त्यानंतरची सेवा मात्र मनापासून दाद द्यावी अशी होती. तज्ज्ञ डॉक्टरांनी घड्याळाकडे न पाहता वीस मिनिटे दिली आणि डिस्चार्ज कार्डाच्या मागे रक्तवाहिनीचे चित्र काढून फुफ्फुसाच्या आजाराचा हृदयाशी संबंध समजावला. ते पाहून आप्पा म्हणाले, ‘म्हणजे आमच्या चाळीचा गंजका पाइपच की.’ डॉक्टर हसले. ‘नाही काका, पाइप मुका असतो. रक्तवाहिनीचे आतले अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे, पण जिवंत असते.’ निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते, त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि प्लेटलेट्स तिला चिकटत नाहीत. फुफ्फुसात जंतूंशी झुंज सुरू झाली की दाह वाढवणारी द्रव्ये रक्तातून सर्वत्र पोहोचतात, हे उत्पादन घटते, वाहिन्या नीट सैलावत नाहीत, रक्त गोठण्याकडे झुकते, आणि एखादा जुना मेदाचा थर फुटला तर तेथे गुठळी धरते. त्याच वेळी तापामुळे हृदय वेगाने धावत असते आणि आजारी फुफ्फुसातून त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नसतो. ताप उतरला म्हणून हे सारे त्याच दिवशी थांबत नाही. अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या दीर्घ पाहणीवर आधारित एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झालेल्यांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका पहिल्या ३० दिवसांत सुमारे चौपट आढळला आणि दहाव्या वर्षीही तो पावणेदोन पटींहून अधिक होता.

हे आकडे माहीत असलेले रुग्णालय पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात ठेवते, याला काय म्हणावे! जोखमीचा महिना सरल्यावर एको करून नुकसान झाले की नाही एवढेच कळणार. लवकर हवी ती साधी तपासणी: नाडी, रक्तदाब, ईसीजी.

एको करणारा तंत्रज्ञ अत्यंत शांत होता. कुशीवर वळताना आप्पांना धाप लागली तेव्हा त्याने प्रोब बाजूला ठेवून वाट पाहिली. ताठरपणाच्या चाचणीचे मला फारसे कौतुक वाटले नाही. दोन्ही दंड आणि घोटे पट्ट्यांनी आवळून यंत्राने रंगीत आलेख दिला, पण त्यामुळे औषधांत काही बदल झाला नाही. त्याऐवजी घरी वापरायला रक्तदाबाचे यंत्र दिले असते तर ते उपयोगी पडले असते. वॉर्डात ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी ईसीजी काढला होता, ही दक्षता मात्र नोंदवायला हवी, कारण त्या औषधाने काहींच्या हृदयाची लय बिघडू शकते.

पॅकेज घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे की पैसे भरण्यापूर्वीच पहिल्या दहा दिवसांतली तारीख मागून घ्यावी. आमच्या शेजाऱ्यांनी आग्रह धरला तेव्हा त्यांना ती निमूटपणे मिळाली. न्यूमोकॉकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या जंतूविरुद्धची लस या रकमेत धरलेली नाही. तिच्यासाठी आम्हाला वेगळा केसपेपर काढून पुन्हा रांगेत उभे राहावे लागले.