गोव्याची शिडाची बोट ट्रकने नागपूरला: काही महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यात एक जुनी, वीस फुटी फायबरची शिडाची बोट विकत घेतली, तेव्हा दोन रस्ते समोर होते. किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत समुद्रातून चालवत आणायची आणि तिथून ट्रकवर चढवायची, नाहीतर मांडवीच्या काठावरच ट्रकवर ठेवून थेट नागपूर गाठायचं. आम्ही ट्रक निवडला. हिवाळा आणि जवळजवळ सगळा उन्हाळा रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर ही बोट चालवून झाल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं आहे. जुनी बोट नुकतीच घेतली असेल आणि घर नागपूरसारखं आत असेल, तर ट्रकच करा.

नकाशा बघितला की अर्धा वाद तिथेच मिटतो. गोवा ते नागपूर रस्त्याने हजार किलोमीटरच्या थोडं वर. मुंबई ते नागपूर आठशेच्या आसपास, त्यात जून 2025 पासून पूर्ण खुला झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. म्हणजे समुद्रातून मुंबई गाठून रस्त्याचे जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटर वाचतात. हायड्रा (चाकांवरची क्रेन), क्रेडल (बोट बसवायचा सांगाडा), ट्रक हा खर्च दोन्हीकडे तोच. वर बोट चालवणाऱ्या स्किपरचा रोज, पेट्रोल, खाणंपिणं आणि मुंबईत ट्रक मिळेपर्यंत बोट ठेवायला जागा. नदीने आणता येईल का, असंही काहींनी मनापासून विचारलं. आपल्याकडचं पाणी वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं बंगालच्या उपसागराला मिळतं खरं, पण वाटेत गोसीखुर्द, मेडिगड्डा, पोलावरम, धवळेश्वरम अशा भिंती उभ्या आहेत. तो विषय तिथेच संपतो.

समुद्राचा मोह मलाही होता. विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, जंजिरा पाण्यावरून बघत यायचं, कोणाला नको वाटेल? पण आग्वाद ते मुंबई सरळ रेषेत दोनशेच्या वर सागरी मैल आहेत आणि मोसमात दुपारचा वारा वायव्येकडून येतो, म्हणजे उत्तरेला जाणाऱ्याच्या तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, नागमोडी जाते. अंतर दीडपट धरा. आमच्या बोटीचा वेग चांगल्या वाऱ्यात चार-साडेचार नॉट (ताशी सागरी मैल), त्यातला मुंबईच्या दिशेने कामी येणारा अडीच-तीन. पहाटेचे मतलई वारे थोडी मदत करतात, पण ऊन चढलं की पडतात. रात्री चालवायची तर मासेमारीच्या जाळ्यांचे बोये दिसत नाहीत, आणि रायगडच्या पट्ट्यात एका जागी रोवलेली डोल जाळी असतात. पंख्यात दोर गुंतला की पाच हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड बंदच.

मालवणच्या एका जुन्या तांडेलांना (मच्छीमार बोटीच्या प्रमुखांना) फोटो पाठवून सल्ला विचारला होता. त्यांनी किमतीबद्दल, शिडांबद्दल काहीच विचारलं नाही. "सुकाणू हाताने हलवून बघितलंत का? कील वर-खाली करणारी तार कधी बदलली आहे?" एवढंच विचारलं. कील म्हणजे बोटीखालचं जड पातं. आधीच्या मालकाला तारेचं उत्तर देता आलं नाही. माझ्यासाठी निर्णय तिथे झाला.

आता ट्रकबद्दल सविस्तर, कारण खरी मेहनत इथे आहे. वाहनाच्या रुंदीची मर्यादा 2.6 मीटर. आमची बोट सव्वासात फूट रुंद, म्हणून साध्या ओपन बॉडीत बसली. याहून रुंद बोट असेल तर बॉडीबाहेर काही डोकावता कामा नये हे आधी मोजा. गाडी नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून ठरवली, नागपूरकडे परतीचं भाडं शोधणारी, त्यामुळे दर बराच कमी बसला. ठरलेली बावीस फुटी सोडून ऐनवेळी एकोणीस फुटी गाडी पाठवली होती, ती मी परत केली. पंचवीस फुटी मास्ट (डोलकाठी) ट्रकच्या केबिनच्या टपावर टेकवून तिरपी न्यायची तर मागे बाहेर येऊ नये एवढी बॉडी लागतेच.

सगळ्यात जास्त लक्ष क्रेडलवर द्या. वेल्डरकडून लोखंडी सांगाडा करून घ्या. बोटीचं वजन खालच्या मधल्या कण्यावर यायला हवं, बाजूचे पॅड तिला फक्त उभी धरायला. हे पॅड आतल्या आडव्या भिंतींच्या समोर आले पाहिजेत. मधल्या पोकळ भागावर आले तर प्रत्येक गतिरोधकावर फायबर आत दबतं. ताडपत्री आम्ही मुद्दाम टाकली नाही. वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री हजार किलोमीटरमध्ये जेलकोटची, म्हणजे बोटीच्या वरच्या गुळगुळीत थराची, चकाकी घासून काढते. मास्टला जुनी सतरंजी गुंडाळली, इंजिन काढून उभं बांधलं, पेट्रोलची टाकी रिकामी केली, आतलं सुटं सामान वेगळ्या खोक्यात. ट्रान्झिट विमा वेगळा काढला. आंबोली घाट चढून कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा प्रवास झाला. ड्रायव्हरला विनंती एकच केली होती, घाई नको आणि प्रत्येक चहाला पट्टे तपासा. त्याने ती मनापासून पाळली.

खिंडसीवर हायड्रावाल्याने आधी बोटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाऊ, पट्टा कुठी टाकू ते सांगा, मंग उचलतो." त्या जागा आम्ही आधीच रंगीत टेपने दाखवल्या होत्या. तुम्हीही दाखवा.

प्रवासाचा फटका बसला का? थोडासा. डाव्या बाजूला एका पॅडच्या कडेला जेलकोटमध्ये केसासारख्या बारीक रेषा आल्या. नाण्याने वाजवून बघितलं, आवाज सगळीकडे सारखा घट्ट, म्हणजे आतले थर सुटलेले नाहीत. भरून घेतल्या, नंतर वाढल्या नाहीत.

खरं काय ते तलावावर कळलं. पहिल्या काही आठवड्यांत सुकाणूच्या बिजागरीचं भोक लांबट झालेलं दिसलं. लाट लागली की टकटक ऐकू यायची. मग इंजिनला थंड पाणी पुरवणारा रबरी इम्पेलर गेला. आणि मार्चमध्ये कीलची तार बाहेर काढली, तर कप्पीच्या जागी तिचे तुटलेले धागे बोटाला टोचत होते, निम्मी तार तरी गेलेली. खिंडसीवर या तिन्ही गोष्टी काठावर येऊन शांतपणे दुरुस्त करता आल्या. वाऱ्याच्या तोंडावर, आपटणाऱ्या लाटांत, जयगडच्या बाहेर तीच तार तुटली असती तर काय झालं असतं, याची कल्पना मला नीट करता येते. माझ्याबरोबर माझी मुलगीही येणार होती.

बोट स्वतः फार आवडली. कील वर घेतली की दीड फूट पाण्यात तरंगते, सिंचनाच्या तलावासाठी हे वरदान आहे. गोड्या पाण्यामुळे शंख-शिंपले चिकटत नाहीत, इंजिन धुवावं लागत नाही. हिवाळ्यात वारा मंद. मार्चपासून दुपारी झोत येतात, मेनसेल (मुख्य शीड) लहान करायची सवय ठेवा. उन्हाळ्यात आभाळ काळवंडलं तर थांबून बघत बसू नका, लगेच काठ गाठा. नागपूरचं ऊन शिडांचा धागा खातं, म्हणून उतरल्या उतरल्या शिडं गुंडाळून कव्हर घाला.

समुद्रातून आणणं कोणासाठी योग्य? घर किनाऱ्यावर असेल, बोट एक मोसम तरी हाताखालून गेलेली असेल, आत बसवलेलं डिझेल इंजिन असेल आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबईकडून गोव्याकडे, वारा पाठीशी घेऊन जायचं असेल, तर जरूर जा. तेव्हा ट्रकवर ठेवून नेणं म्हणजे हातचा आनंद घालवणं.

नागपुरात आणणार असाल तर ट्रकची तारीख तलावाच्या पाण्याकडे बघून ठरवा. पावसाळ्यानंतर पाणी काठापर्यंत असतं, हायड्रा कडक जमिनीवर उभा राहून बोट सरळ पाण्यात सोडतो. मे महिन्यात तेच पाणी चिखलापलीकडे गेलेलं असतं आणि हायड्रा तिथे नेला तर त्याची चाकं रुततात.