उकळायचं की आरओ बसवायचा?

पावसाळ्यात कृष्णा गढूळली की सांगलीत आमच्या घरी हा वाद ठरलेला. आई पातेलं चढवते, वहिनी आरओचा हट्ट धरतात.

नदीचं पाणी असेल तर मी आईच्या बाजूने. गाळून घेतलं आणि खदखदून एक मिनिट उकळलं, की कावीळ-जुलाबाचे जंतू संपले. थोडा जडपणाही खाली बसतो, पातेल्याच्या तळाचा पांढरा थर तोच. खर्च फक्त गॅसचा.

पण बोअरचं पाणी वेगळं. उसाच्या पट्ट्यात रानात पडलेला युरिया नायट्रेट होऊन भूजलात उतरतो. भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. हे उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं! वरच्या दुधात ते पाणी गेलं तर तान्ह्या बाळाला धोका. इथे वहिनी बरोबर. आरओ नायट्रेट, आर्सेनिक, क्षार बऱ्यापैकी अडवतो.

चुलतभाऊ अमेरिकेत फिनिक्सला असतो. वाळवंटातलं शहर, कोलोरॅडो आणि सॉल्ट नद्यांचं जड पाणी. तिथे नळाचं पाणी निर्जंतुक येतं, त्यामुळे तो आरओ लावतो तो मुख्यतः चवीसाठी.

आरओ लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी फेकतो, हे मात्र मला खटकतं. आमच्याकडे ते बादलीत धरून फरशीला वापरतात. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल, तर मी आरओवर पैसे घालणार नाही. बोअर असेल तर आधी प्रयोगशाळेत नमुना द्या. टीडीएस मीटरला नायट्रेट वेगळं ओळखता येत नाही.