माझी आरसी दाखवून दुसऱ्यानेच 47,000 ॲडव्हान्स उचलला

माझा एकच दहा टायरचा ट्रक. मालक मी, ड्रायव्हरही मीच. कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाहेर गाडी दोन दिवस रिकामी उभी होती. नागपूरचं भाडं 46,000 च्या वर कोणी बोलत नव्हतं आणि तेवढ्यालाही दहा गाड्या टपलेल्या. 10 तारखेला 38,400 चा हप्ता. अशात ग्रुपवरचा एक एजंट 52,000 बोलला, ॲडव्हान्स 90 टक्के. लोभ म्हणायचा तर म्हणा, पण आधी दोन दिवस गाडी उभी ठेवून बघा. आरसी, लायसन, पॅनचे फोटो पाठवले. सगळेच पाठवतात. कमिशनचे 1,500 त्याने आधीच घेतले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. माझे कागद दाखवून तो ट्रान्सपोर्टकडे गाडीमालक झाला. फोटोवर आडवं लिहून पाठवत जा, कुठल्या लोडसाठी आणि कुठल्या तारखेला.

सळई भरली, काटा झाला. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, हातात देताना क्लार्क म्हणाला, "शेठला सांग, ॲडव्हान्स सोडलाय." मी "हो" म्हणालो. तो "हो" मला अजून झोपू देत नाही. अरे, शेठ मीच ना! पण अंगावर मळका शर्ट, हातात ताडपत्रीचा दोर. जाईन तिथे मला ड्रायव्हरच समजतात, खुलासा करणं मी कधीच सोडून दिलं होतं. बिल्टीवर ॲडव्हान्सच्या रकान्यात निळ्या पेनाने 47,000 लिहिलेले. माझ्या खात्यात आलेले 10,000. वाटलं, बाकीचे येतील. तो रकाना खात्याशी जुळल्याशिवाय गेट सोडू नका. बिल्टीवरच्या नंबरला स्वतः फोन लावा, मालक मी आहे म्हणून सांगा.

कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत एजंटचा फोन लागत होता. घोटीनंतर बंद. मागे फिरणार कसा? अठरा टन माल दुसऱ्याचा, ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाला, मुदत दोनशे किलोमीटरमागे एकच दिवस. नागपुरात अडून बसलो, तर माल घेणारी पार्टी म्हणाली, माल दाबल्याची तक्रार देतो. उतरवला. बॅलन्सचे 5,000 मिळाले. बुडाले 37,000, शिवाय कमिशनचे 1,500.

1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. विचारलं, तुमच्या खात्यातून किती गेले? 1,500. तेवढेच लिहून घेतले. गावच्या ठाण्यात म्हणाले, माल भरला तिथे जा. तिथे म्हणाले, हा दिवाणी मामला, वकील बघा. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते म्हटलं, तर कायदा शिकवू नका. चार दिवस हेलपाटे, गाडी उभी, आणि शेवटी साहेब मलाच विचारतात, "एवढा रेट कोण देतो का?" रात्री दोन वाजता गाडी अडवून पावती फाडायला यांच्याकडे माणूस असतो. माझ्या कागदावर पैसे उचलणाऱ्याचा खातेनंबर मी लिहून दिला, तो बघायला कोणी नाही! ट्रान्सपोर्टवाला हात वर करतो, आम्ही तर पैसे दिले. अहो, आरसीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच आहे का, एवढं बघायला किती वेळ लागतो?

एजंटचा नंबर बदललाय, मजकूर तोच. परवा ग्रुपवर पुन्हा आला, नागपूर, दहा टायर, ॲडव्हान्स 90 टक्के. खाली एकाने आरसीचा फोटो टाकलेला होता. मी त्याला लगेच फोन लावला, तो गाडी भरत होता.