जुन्या बॅटरीत बुडालेले 1 लाख 80 हजार

माझे दोन छोटे इलेक्ट्रिक टेम्पो भोसरी ते चाकण माल वाहतात. गेल्या पावसाळ्यात एकाच्या बॅटरीत पाणी शिरलं. नव्या बॅटरीचा भाव ऐकून हातपाय गळाले. तेव्हा ओळखीतल्या एकाने एका वर्कशॉपचा नंबर दिला. अपघातातल्या गाड्यांच्या बॅटऱ्या उघडायच्या, चांगले सेल निवडायचे आणि नवा पॅक बांधायचा, हा त्यांचा धंदा. ही गोष्ट मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. धडधाकट सेल भंगारात कशाला जावा?

त्या माणसाने माझ्यासमोर मल्टिमीटर लावला. प्रत्येक सेल 3.3 व्होल्ट. लॅपटॉपवर हेल्थ 92 टक्के. मी 1 लाख 80 हजार मोजले.

माझी चूक तिथेच झाली. हे सेल एलएफपीचे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे होते. चार्जिंग बरंचसं उतरेपर्यंत त्यांचं व्होल्टेज जेमतेम हलतं, त्यामुळे निम्मा दम गेलेला सेलही 3.3 च्या आसपासच दाखवतो. आणि हेल्थचा आकडा सांगतो बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. तो बदलला किंवा रीसेट केला की जुना सगळा हिशेब पुसला जातो.

तिसऱ्या आठवड्यात मोशीजवळ, गाडीत माल, स्क्रीनवर 38 टक्के, आणि गाडी जागच्या जागी बंद. टो करून आणली. पुढे रिकामी बॅटरी पूर्ण चार्ज करून मीटर पाहिला, तर 21 युनिटच्या बॅटरीत जेमतेम 12 युनिट गेले होते. दुसऱ्या मेकॅनिकने पॅक उघडला. सेल वेगवेगळ्या लॉटचे, बऱ्याच सेलवरचे क्यूआर कोड खरवडलेले, दोन तर फुगलेले. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात कमकुवत सेल संपला की अख्खा पॅक संपतो. फुगलेले सेल घेऊन मी माझ्या ड्रायव्हरला रोज रस्त्यावर पाठवत होतो, हे आठवलं की अजून झोप लागत नाही.

पोलिसांत अर्ज दिला. पण बिलावर फक्त ‘बॅटरी, 1 नग’. सीरियल नंबर नाही, वॉरंटी फक्त तोंडी. ही बॅटरी त्यानेच दिली हे सिद्ध कशाने करू?

तुम्ही घेणार असाल तर समोर पूर्ण चार्ज करून, लोडवर, म्हणजे वीज खेचणारं काही जोडून, पूर्ण उतरवून किती युनिट निघाले ते पाहा. दिवस मोडेल, मोडू द्या. बिलावर पॅकचा नंबर आणि मोजलेले युनिट लिहून घ्या. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून विकणाऱ्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तो कागद मागा. मी मागितला नव्हता.

एक भंगारवाला तो पॅक रोख पैशांत न्यायला तयार होता. दिला नाही. तेच सेल पुन्हा कोणाच्या तरी गाडीत बसले असते. नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे दिला, पैसे फार कमी मिळाले. पावती मात्र नंबरासकट घेतली.