कलिंगडाचं ट्रेमधलं रोप: चार वेलांसाठी घ्यावं का?

घरच्या बागेत कलिंगड लावायचं तर नर्सरीतलं रोप घ्यावं की बी टोकावं? डिसेंबर-जानेवारीत लावणार असाल तर रोप घ्या. फेब्रुवारीच्या मध्यानंतर लावणार असाल तर बीच बरं. कलिंगडाच्या बीला उगवायला 25 ते 30 अंशांची ऊब लागते. रात्रीचा पारा 15 च्या खाली गेला की बी मातीत नुसतं पडून राहतं आणि पाणी जास्त झालं तर कुजतं. नर्सरीवाला ते उबेला उगवून देतो, आपण पैसे देतो ते त्या उबेचे. उन्हं तापली की तेच बी आठवड्याभरात आपसूक वर येतं, त्याचं सोटमूळ दुखावत नाही आणि महिन्याभरात ते विकतच्या रोपाला गाठतं.

आता मालाबद्दल. बहुतेक नर्सऱ्या 98 किंवा 104 खणांच्या ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून रोपं करतात. हा ट्रे मिरची-टोमॅटोला सोयीचा. कलिंगडाचं मूळ धावरं, त्याला तो खण दोन आठवड्यांत अपुरा पडतो. 14 ते 18 दिवसांचं रोप उत्तम. बाविशी-पंचविशी ओलांडली की मुळं तळाशी गोल फिरून गुंडाळी करतात, आणि असं रोप जमिनीत लावल्यावरही आठ-दहा दिवस जागचं हलत नाही. खरी मेख इथेच आहे. शेतकरी आधी बुकिंग करून हजारांनी रोपं उचलतो, त्याला वेळेवरचा माल मिळतो. चार रोपं मागणाऱ्याला उरलेल्या ट्रेमधली मिळतात. ती जुनी असतात, म्हणून मोठी दिसतात, आणि मोठी दिसतात म्हणून आपण खूश होतो! नर्सरीत पहिला प्रश्न भावाचा नको, ‘बी कधी टाकलंय?’ हा हवा.

रोप हातात घेऊन बघा. खालची दोन जाड बीजदलं हिरवी आणि शाबूत हवीत, वर दोन खरी, कातरलेली पानं हवीत, तिसरं डोकावत असलं तरी चालेल. काडीसारखं लांबट, एका बाजूला कललेलं रोप सावलीत वाढलेलं असतं. तणावा (आधाराला गुंडाळणारा तंतू) फुटलेला दिसला तर रोप परत ठेवून द्या. एक रोप खणातून उपसून पाहू द्या म्हणावं: पांढऱ्या मुळांनी कोकोपीट धरून ठेवलेलं असावं, मुळं तपकिरी असतील तर तो ट्रेच नको. शेवटी पानांची मागची बाजू बघा. तिथे फुलकिडे असतील तर ते बड नेक्रोसिस या शेंडा करपवणाऱ्या रोगाचा विषाणू घरी आणू शकतात. शेंडा करपून वेल थांबला की त्यावर औषध नाही, उपटणं एवढंच हाती उरतं.

काळ्या पिशवीतलं रोप मिळालं तर घरासाठी ते ट्रेपेक्षा सरस, कारण मुळाला जागा असते आणि आठवडाभर उशीर झाला तरी खपतो. मात्र एका पिशवीत दोन-तीन रोपं असतील तर ती सोडवायला जाऊ नका. जोमदार ठेवून बाकीची कात्रीने कापा. कलमी रोपंही आता मिळतात, भोपळावर्गीय खुंटावर (म्हणजे मुळाकडच्या भागावर) भरलेली. त्यांचा फायदा मर रोग असलेल्या जमिनीत. नव्या मातीच्या चार आळ्यांना तो खर्च वाया. घेतलीच तर कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा आणि खुंटाचे फुटवे खुडत राहा, नाहीतर कलिंगडाच्या वेलीला दुधी लागल्याचा चमत्कार बघायला मिळेल.

वाणाचं नाव विचारल्यावर ‘हायब्रीड आहे’ एवढंच उत्तर आलं तर पुढची नर्सरी गाठावी. शुगर बेबी जुना, गडद हिरव्या सालीचा, तीन-चार किलोचा वाण, घराला पुरेसा. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का माणिक गोडीला उत्तम, पण फळ मोठं आणि वेल पसरणारा. जागा कमी असेल तर त्याच संस्थेचा आखूड वेलाचा अर्का मुथु शोधा. बिनबियांच्या कलिंगडाचं एकटं रोप घेऊ नका. त्याचा पराग निकामी असतो, शेजारी साधं कलिंगड फुलात असल्याशिवाय फळ धरत नाही.

लावणीसाठी दीड फूट रुंद आणि तेवढंच खोल आळं घ्या. त्यात आठ-दहा किलो कुजलेलं शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड आणि मूठभर सुपर फॉस्फेट मातीत मिसळून आठवडाभर आधी भिजवा. दोन आळ्यांत निदान तीन फूट अंतर ठेवा आणि वेल पसरायला एका बाजूला सहा फूट मोकळे सोडा. गच्चीवर 18 इंची ग्रो बॅगेत एकच रोप. आणल्यावर तीन-चार दिवस रोपं सकाळच्या उन्हात सरावू द्या. लावणी संध्याकाळी करा. त्याआधी कोकोपीट पाण्यात बुडवून चिंब करा, कारण सुकलेला गड्डा नंतर वरून घातलेलं पाणी शोषत नाही. गड्डा उघडा राहिला तर वाऱ्याने सुकतो. त्यावर बोटभर मातीचा थर द्या, पण खोड गाडू नका, सडतं. पहिले पंधरा दिवस लाल भुंगेरे पानं चाळणीसारखी करतात, तोवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा झाकलेला बरा. फुलं आली की तो काढायचा, नाहीतर मधमाशी आत येणार कशी?

पाचव्या-सहाव्या आठवड्यात आधी नुसती नर फुलं येतात आणि गळतात, घाबरू नका. मादी फुलामागे चिमुकलं कलिंगड दिसतं. शहरात मधमाश्या कमी, म्हणून सकाळी नऊच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मधल्या भागाच्या तिन्ही कप्प्यांवर नीट फिरवा. एकाच बाजूला पराग लागला तर फळ वाकडं होतं. खोडाजवळचं पहिलं फळ खुडून वेलीवर दोनच ठेवा. वेल माजलाय आणि फळ नाही, तर युरिया किंवा ओलं शेणखत जास्त झालंय. फळाचं बूड काळं पडलं तर पाण्याची पाळी चुकतेय, त्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. आळ्यावर पाचट किंवा भाताचा पेंढा पसरा. फळ लिंबाएवढं झालं की कागदी पिशवी चढवा, फळमाशीपासून वाचतं. मांडवावर चढवलं तर प्रत्येक फळाला कांद्याच्या जाळीच्या पिशवीची झोळी हवी.

फळ धरल्यापासून साधारण महिना-सव्वा महिन्यात तयार होतं, तारीख लिहून ठेवा. देठाजवळचा तणावा वाळला, जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळसर झाला आणि वाजवल्यावर बद्द आवाज आला, या तिन्ही खुणा जुळल्या की तोडा. तोडल्यावर कलिंगडात गोडी वाढत नाही. आधीचे चार-पाच दिवस पाणी कमी करा, एकदम भरपूर दिलं तर तडकतं. हायब्रीडचं बी पुढच्या वर्षासाठी राखू नका. शुगर बेबीचं राखता येतं, पण आसपास दुसरं कलिंगड फुलात नसेल तरच.